पालि संहितेत शोध आणि बदल : संगणकीय आज्ञांचा उपयोग व मर्यादा

तिपिटकातील एखादे पद कोठे कोठे आले आहे आणि कोणत्या अर्थाने आले आहे, याचा शोध घेणे हे पालि अभ्यासकाचे नित्याचे काम होय. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला देवनागरी 'विसुद्धिमग्ग' भारतीय विद्या भवनाने मुंबईत १९४० साली प्रसिद्ध केला. प्रा. ना. के. भागवत यांनी मुंबई विद्यापीठासाठी निकायांच्या देवनागरी आवृत्त्या सिद्ध केल्या. पुढे भिक्खु जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली ४१ खंडांची नालंदा आवृत्ती निघाली. या ग्रंथांवर पोसलेल्या पिढीने पदांचा शोध चिठ्ठ्यांवर केला. एका पदासाठी एक पावसाळा खर्ची पडे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ सङ्गायनाची संपूर्ण संहिता १९९७ साली सीडी-रॉमच्या रूपाने उपलब्ध करून दिली आणि नंतर ती इंटरनेटवरही खुली केली. तेव्हापासून तेच काम काही क्षणांत होऊ लागले.

परंतु ज्या साधनाने शोध घेता येतो, जवळजवळ त्याच साधनाने बदलही करता येतो. आज्ञेत दोन-चार अक्षरांचाच फरक. या दोन क्रियांमध्ये अभ्यासकाने किती अंतर राखावे, याविषयी काही अनुभवाच्या गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत.

प्रारंभ प्रस्तुत लेखकाच्याच एका चुकीने करणे उचित होईल. मुलुंडमधील एका विहारासाठी वंदनापुस्तिकेची नवी आवृत्ती सिद्ध करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. जुन्या पुस्तिकेत पालि पाठ आणि त्याखाली मराठी अर्थ अशी मांडणी होती. पालि पाठात अनेक ठिकाणी 'शरणं', 'शील' अशी संस्कृत वळणाची रूपे शिरलेली होती. पालि भाषेत तालव्य 'श' नाही, हे पहिल्या पाठात शिकविले जाते. तेव्हा संपूर्ण फाइलीतील प्रत्येक 'श'च्या जागी 'स' करावा, असे वाटून एकच आज्ञा दिली. पालि पाठ शुद्ध झाला. मुद्रितशोधनही पालि पाठाचेच काळजीपूर्वक झाले. मराठी अर्थ काय, जुनाच आहे, असे म्हणून त्यावरून नजर फिरविली गेली. पुस्तिका छापून आली आणि पहिल्याच रविवारी वंदनेनंतर एका वृद्ध उपासिकेने पान उघडून पुढे धरले. मराठी अर्थात छापले होते : 'मी बुद्धाला सरण जातो.' त्या म्हणाल्या, "सर, सरणावर एक दिवस जायचंच आहे, आधी शरण तर जाऊ द्या." 'शांती'ची 'सांती' झाली होती. 'शिक्षापद' या शब्दाचे 'सिक्षापद' झाले होते, जे ना मराठी ना पालि. विहारातील मुलांनी दोन रविवार बसून सगळ्या प्रती पेनाने दुरुस्त केल्या.

चूक संगणकाची नव्हती. सांगितले तेच त्याने केले, आणि सर्वत्र केले.

येथे ज्या आज्ञांचा विचार करावयाचा आहे त्या कमांड लाइनवर, म्हणजे काळ्या किंवा पांढऱ्या साध्या खिडकीत टंकून द्यावयाच्या असतात. नेहमीच्या लेखन-आज्ञावलीतही शोध आणि बदल यांची सोय असते. मग या जुन्या पद्धतीकडे का वळावे? एक तर ती एका वेळी एक फाइल पाहते आणि तिपिटक, अट्ठकथा, टीका मिळून फाइलींची संख्या दोनशेहून अधिक आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. टंकलेली आज्ञा हा एक लेखी नियम असतो. तो जपून ठेवता येतो, दुसऱ्याला दाखविता येतो, आणि त्यावर आक्षेपही घेता येतो. खिडकीतील बटण दाबून केलेल्या बदलाचा मागमूस राहत नाही.

या साधनांचा जन्म ग्रंथचिकित्सेतूनच झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांस रोचक वाटेल. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. ते हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी मिळून लिहिले होते. परंतु त्यांतील काही निबंध नेमके कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन यांना शब्दप्रयोगांवरून या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा होता. त्या वेळच्या संपादन-आज्ञावलीत एवढी मोठी संहिता मावत नव्हती. त्यांचे सहकारी केन टॉम्प्सन यांनी शोधाचा भाग वेगळा काढून 'ग्रेप' ही स्वतंत्र आज्ञा १९७३ च्या सुमारास तयार करून दिली. पाठोपाठ मॅकमॅहन यांनी स्वतः 'सेड' ही बदल करणारी आज्ञा रचली. ग्रेप केवळ वाचते, सेड लिहिते. आज अर्धशतकानंतरही या दोन आज्ञा जवळजवळ त्याच रूपात वापरात आहेत. त्या रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात : पहिली जी, आर, ई, पी अशी, आणि दुसरी एस, ई, डी अशी. शोधावयाचे पद मात्र देवनागरीत द्यावे.

प्रथम अडचण येते ती शोध सुरू होण्यापूर्वीच. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली छट्ठ सङ्गायनाची देवनागरी फाइल उघडून पाहिली तर अक्षरे स्वच्छ दिसतात. पण ग्रेपला 'निब्बान' शोधावयास सांगितले तर उत्तर शून्य येते. निब्बान तेथे नाही असे नव्हे. त्या फाइली यूटीएफ-१६ या संकेतनात साठविलेल्या आहेत, आणि ग्रेप यूटीएफ-८ गृहीत धरते. एकच अक्षर पहिल्या पद्धतीत दोन बाइटांचे, दुसऱ्या पद्धतीत तीन बाइटांचे होते. मेळ बसत नाही. यासाठी 'आयकॉन्व्ह' (आय, सी, ओ, एन, व्ही) या आज्ञेने फाइलीचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून घ्यावे आणि पुढील सर्व काम त्या रूपांतरित प्रतीवर करावे. डीटीपीच्या काळात सिद्ध झालेल्या आपल्याकडील पुस्तिकांची स्थिती याहून कठीण आहे. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी खाली साठविलेली अक्षरे रोमन असतात. ठरावीक फाँट काढून घेतला की त्यांचा अर्थहीन कचरा उरतो. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर झाल्याविना शोधाची गोष्टच काढू नये.

आता प्रत्यक्ष शोध. साध्या रूपात आज्ञा अशी होते :

ग्रेप -एन 'निब्बान' फाइलनाव

यात '-एन' दिल्यामुळे ओळीचा क्रमांकही मिळतो. '-आर' दिल्यास संपूर्ण फोल्डर धुंडाळला जातो. येथे 'निब्बानं' असे अनुस्वारासहित न देता 'निब्बान' असे मूळ अंग दिले आहे, याकडे लक्ष द्यावे. 'निब्बानं' दिले असते तर 'निब्बानस्स', 'निब्बानाय' तर हुकलीच असती, पण 'निब्बानमेव' हेही हुकले असते. कारण पुढे स्वर येताच निग्गहीताचा 'म्' होतो. संगणकाला संधी कळत नाही. तो कळणाऱ्याने शोधपद निवडावयाचे असते.

देवनागरी लिपीमुळे उद्भवणारा एक प्रश्न रोमन लिपीत काम करणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. समजा, 'अत्ता' या पदाचे सर्व प्रयोग पाहावयाचे आहेत. रोमन संहितेत हा शोध घेतला तर 'अनत्ता' आपोआप सापडतो, कारण रोमन लेखनात पहिले पद दुसऱ्याच्या पोटात जसेच्या तसे असते. देवनागरीत तसे होत नाही. 'अनत्ता' या पदात 'अ'नंतर 'न' आहे आणि 'अत्ता'चा आरंभीचा स्वतंत्र 'अ' त्या 'न'मध्ये विरून गेला आहे. संगणकाच्या दृष्टीने 'अत्ता' हा अक्षरक्रम तेथे नाहीच. अनात्मवादाच्या अभ्यासकाने केवळ 'अत्ता' शोधून, त्यात 'अनत्ता'ही आले असे मानून आकडे मांडले तर त्याचा प्रबंध मुळातच चुकतो. हीच गत 'पहितत्तो' या पदाची. सुत्तांत ते वारंवार येते. त्यात 'पहित' आणि 'अत्त' यांचा समास आहे. पण 'अत्त'चा 'अ' आधीच्या 'त'मध्ये लुप्त झालेला. यासाठी शोधपद 'अन*त्ता' असे देता येते. तारांकनाचा अर्थ असा की, त्याच्या आधीचे अक्षर शून्य वेळा किंवा कितीही वेळा आलेले चालेल. त्यामुळे 'अत्ता' आणि 'अनत्ता' दोन्ही हाती लागतात. समासांतील 'अत्त' मात्र पदसूची डोळ्यांखालून घालूनच वेचावा लागतो. त्यास दुसरा उपाय नाही.

मोजणीविषयी एक सावधगिरी. ग्रेपला '-सी' हे चिन्ह दिले की संख्या मिळते. ती पदांची नसून ओळींची असते. या फाइलींत एक संपूर्ण परिच्छेद ही एक ओळ असते. एका परिच्छेदात 'दुक्ख' सात वेळा आले तरी मोजणी एकच. प्रत्येक आढळ स्वतंत्र मोजावयाचा तर '-ओ' हे चिन्ह देऊन आलेल्या ओळी मोजाव्यात. अमुक शब्द तिपिटकात इतक्या वेळा आला आहे, अशी विधाने आजकाल व्याख्यानांत सर्रास ऐकू येतात. ती कोणत्या चिन्हाने मोजली, हे विचारण्याची पद्धत आपण पाडावी.

आणखी एक गोष्ट टिपांची. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या छट्ठ सङ्गायनाने पाठ निश्चित करताना अन्य परंपरांचे पाठभेदही नोंदविले. संगणकीय संहितेत ते ओळीतच, टिपेच्या खुणांमध्ये ठेवलेले आहेत : 'सी॰' म्हणजे सिंहली, 'स्या॰' म्हणजे सयामी, 'कं॰' म्हणजे कंबोडियन, 'पी॰' म्हणजे लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीचा पाठ. शोधात सापडलेले पद मूळ पाठातील आहे की टिपेतील, हे ग्रेप सांगत नाही. (ते लहानसे वर्तुळ म्हणजे शून्य नव्हे. ते संक्षेपाचे स्वतंत्र चिन्ह आहे. शून्य टंकून शोधल्यास एकही टीप सापडत नाही.) शोधापुरती, टिपा वगळलेली एक कामचलाऊ प्रत करून घ्यावी. मूळ प्रतीतील टिपांना हात लावू नये.

लवचीक शोधपदाचा खरा लाभ शिलालेखांत दिसतो, आणि आपल्या उपनगरातच त्यासाठी उत्तम सामग्री आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी शंभराहून अधिक आहेत. तेथील लेखांचा डॉ. शोभना गोखले यांनी सिद्ध केलेला ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९९१ साली प्रसिद्ध केला. पश्चिम भारतातील अशा प्राकृत दानलेखांत एकच शब्द कधी 'देयधम' असा कोरलेला असतो, तर कधी 'देयधंम' असा. पाण्याच्या टाक्यासाठी येणारा 'पोढी' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदाने आढळतो. अशा लेखांचे वाचन कोणी टंकून घेतले असेल तर 'देयधं*म' या शोधपदाने दोन्ही रूपे एकत्र मिळतात. पण येथे बदलाचा मोह कटाक्षाने टाळावा. लिपिकाराने अनुस्वार दिला की नाही, ही त्या लेखाची साक्ष आहे. सगळी रूपे एकसारखी करून टाकणे म्हणजे खडकावर पुन्हा छिन्नी चालविणे होय.

बदलाच्या आज्ञेचे रूप असे :

सेड 'एस/जुने पद/नवे पद/जी' फाइलनाव

शेवटचा 'जी' नसेल तर प्रत्येक ओळीतील पहिलाच आढळ बदलतो आणि उरलेले तसेच राहतात. आणि आपल्या फाइलींत ओळ म्हणजे परिच्छेद असल्याने अर्धवट बदललेली संहिता हाती येते, जी न बदललेल्या संहितेहून वाईट. 'जी' असेल तर सर्व आढळ बदलतात, आणि नको असलेलेही बदलतात. पालि शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या मराठी टिपणांत 'मग्ग'च्या जागी 'मार्ग' हवा म्हणून अशी आज्ञा दिली. टिपणांत 'सामग्गी' हे पदही होते. संघाच्या ऐक्याचा वाचक असलेला तो शब्द 'सामार्गी' झाला. पदाच्या दोन्ही बाजूंस रिकामी जागा देऊन शोधावे, तर 'मग्गो', 'मग्गं', 'मग्गेन' ही विभक्तिरूपे सुटतात. पूर्ण शब्दच जुळविण्याचे '-डब्ल्यू' हे चिन्ह ग्रेपमध्ये आहे, परंतु मात्रा आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानावे की नाही, याबाबत सर्व यंत्रे एकसारखी वागत नाहीत. इंग्रजीसाठी बेतलेल्या सोयीवर विभक्तिप्रधान भाषेच्या अभ्यासकाने भिस्त ठेवू नये.

याहून सूक्ष्म प्रसंग परसवर्णाचा. मराठीत आपण 'संघ', 'पंच', 'संबोधी' असे अनुस्वाराने लिहितो. छट्ठ सङ्गायनाच्या देवनागरी संहितेत 'सङ्घ', 'पञ्च', 'सम्बोधि' असे परसवर्णाने लेखन आहे. मराठी वळणाने टंकलेला उतारा या संहितेशी ताडून पाहावयाचा तर आधी लेखन एकसारखे करणे भाग पडते. नियम सोपा दिसतो : अनुस्वारापुढे कवर्गातील अक्षर आले तर अनुस्वाराचा 'ङ्' करावा, चवर्गातील आले तर 'ञ्', आणि याप्रमाणे पुढे. सेडमध्ये चौकोनी कंसात वर्गातील अक्षरे देऊन हा नियम पाच ओळींत लिहिता येतो. प्रस्तुत लेखकाने तो लिहिला, आणि नियमाची परीक्षा म्हणून खुद्द छट्ठ सङ्गायनाच्या फाइलीवर चालवून पाहिला. तेथे काहीच बदलू नये, अशी अपेक्षा होती. तरीही काही ओळी बदलल्या. पूर्वजन्मस्मृतीच्या ठरीव परिच्छेदात 'एवंनामो', 'एवंगोत्तो', 'एवंवण्णो' ही पदे येतात. संपादक थेरांनी तेथे समासाचा सांधा दिसावा म्हणून निग्गहीत कायम ठेवले आहे. यंत्राने मात्र 'एवङ्गोत्तो' करून ठेवले. उच्चार तोच, अर्थ तोच. पण जो पाठ सङ्गायनाने स्वीकारला तो हा नव्हे. शिवाय टिपांतील पाठभेदांवरही नियम चालला असता. मूळ पाठात 'सङ्खार' आणि टिपेत सिंहली पाठ 'संखार' अशी नोंद असेल तर बदलानंतर दोन्हीकडे 'सङ्खार'च राहील. पाठभेद पुसला जाईल आणि टीप मात्र वाचकाला बुचकळ्यात टाकीत तेथेच राहील.

म्हणून कामाची पद्धत ठरवून घ्यावी. मूळ फाइल केवळ वाचनासाठी म्हणून वेगळी ठेवावी. सेडला '-आय' हे चिन्ह दिले की ती त्याच फाइलीवर लिहिते. मागे फिरण्याचा मार्ग उरत नाही. ते चिन्ह संहितेच्या फाइलीवर वापरूच नये. वापरणे अटळच असेल तर त्याला जोडून '.बॅक' असे काही नाव द्यावे, म्हणजे जुनी प्रत बाजूला राहते. निकाल नेहमी नव्या नावाच्या फाइलीत काढावा. तो त्याच नावाच्या फाइलीत वळविला तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही : संगणक आधी ती फाइल रिकामी करतो आणि मग त्या रिकाम्या फाइलीत शोध घेतो. नंतर 'डिफ' (डी, आय, एफ, एफ) या आज्ञेने जुनी व नवी प्रत ताडावी. बदललेल्या ओळी तेवढ्याच समोर येतात. त्या सर्व वाचाव्यात. शंभर असतील तर शंभर वाचाव्यात. हजार असतील तर नियम फार सैल आहे असे समजून तो पुन्हा लिहावा.

नियम तोंडी न ठेवता एका वेगळ्या फाइलीत लिहून काढावेत आणि सेडला '-एफ' या चिन्हाने ती फाइल द्यावी. प्रत्येक नियमावर तो का केला, हे एका ओळीत नोंदवावे. अपवादही तेथेच लिहावेत. उदाहरणार्थ, 'एवं' या पदापुढील अनुस्वार बदलू नये. नियमांचा क्रम पाळावा, कारण दुसरा नियम पहिल्याच्या निकालावर चालतो, मूळ पाठावर नव्हे. ही नियमफाइल आणि मूळ फाइल ज्याच्याजवळ आहे, तो आपली नवी प्रत पुन्हा जशीच्या तशी घडवू शकतो आणि आपल्याशी असहमतही होऊ शकतो. छापील आवृत्तीत संपादकाच्या निवेदनाचे जे काम, तेच येथे या फाइलीचे.

वंदनापुस्तिकेच्या पुढील आवृत्तीच्या वेळी पालि पाठाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी 'पालि' अशी खूण घातली आणि 'श'चा नियम तेवढ्याच ओळींना लावला. सेडमध्ये ते सहज होते. नियमाच्या आधी दोन तिरप्या रेघांमध्ये खूण दिली की खूण नसलेल्या ओळींना तो नियम शिवत नाही. छपाईपूर्वी खुणा काढून टाकल्या. डिफने दाखविलेल्या ओळी या वेळी कागदावर काढून विहारात नेल्या आणि त्या उपासिकेच्या हाती दिल्या. त्यांनी त्या मोठ्याने वाचल्या. एका ठिकाणी त्या थांबल्या. 'सिक्षापदं' तसेच राहिले होते. 'श'चा 'स' झाला होता, पण 'क्ष'चा 'क्ख' करण्याचा नियम फाइलीत नव्हता. तो पाचवा नियम म्हणून तेव्हाच लिहिला.